उभ्या गाडीचा उघडा डोळा

"पुराव्याशिवाय जगणं म्हणजे जगणंच नव्हे. मानवजातीचा इतिहास पुरावा जपणाऱ्यांनी घडवलेला आहे आणि पुरावा हरवणाऱ्यांनी बिघडवलेला आहे," असं दप्तरदारांनी एका मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता, आरशासमोर उभं राहून, घरातल्या एकुलत्या एका श्रोत्याला सांगितलं.

"बनियन उलटी घातलीय," श्रोता म्हणाला.

श्रोता म्हणजे त्यांची बायको. बनियनचं लेबल गळ्याशी बाहेर आलेलं होतं. पुरावा भक्कम होता. व्याख्यान तिथेच तहकूब झालं.

दप्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे शुद्ध मराठीत तळघरात, ते एकोणतीस वर्षं जुने कागद सांभाळत होते, म्हणून इमारतीतल्या लोकांनी त्यांना ही पदवी बहाल केली होती. त्यांच्या खात्यात कागदाला तीन गोष्टी लागतात: तारीख, सही आणि आवक क्रमांक. मजकूर असला तर बरंच, पण अडून राहत नाही. बिनतारखेचा अर्ज त्यांनी जन्मात कधी स्वीकारला नव्हता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा आपण हयात असल्याचा अर्ज दिला. त्यावर तारीख नव्हती, म्हणून दप्तरदारांनी तो परत केला. पुढचा अर्ज आला तो वारसांचा. त्यावर मात्र तारीख होती, आणि अक्षरही सुवाच्य होतं, असं ते आजही कौतुकाने सांगत.

तर मंगळवारच्या व्याख्यानाचं निमित्त होतं मोटरसायकलचा मागचा डावा इंडिकेटर. इमारतीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा हा इंडिकेटर तीन महिन्यांत तिसऱ्यांदा तुटला होता. शेजारच्या जागेत सोसायटीच्या सेक्रेटरींची पांढरी मोटार उभी असे, आणि तिच्या मागच्या कोपऱ्यावर इंडिकेटरच्या काचेच्या रंगाची एक बारीक नारिंगी रेघ होती. दप्तरदारांनी सेक्रेटरींना रीतसर लेखी तक्रार दिली. सेक्रेटरी हा माणूस दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर निरोपसुद्धा जावक क्रमांक घालून पाठवणारा. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "आरोपाच्या पुष्ट्यर्थ पुरावा सादर करावा."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर दप्तरदारांनी दुर्लक्ष केलं असतं. पण ज्या वाक्याच्या जोरावर त्यांनी एकोणतीस वर्षं लोकांना परत पाठवलं, तेच वाक्य कुणी त्यांच्याच तोंडावर मारावं? ते तसेच उठले आणि बाजारातून मोटरसायकलला लावायचा कॅमेरा घेऊन आले. एक डोळा पुढे, एक मागे, हँडलवर काडेपेटीएवढा पडदा, आणि बोललेलंही टिपून घेणारा कान. खोक्यावर लिहिलं होतं की गाडी उभी असतानाही हा डोळा मिटत नाही. हे वाचून दप्तरदारांचं पाऊल हलकं झालं. दोन डोळे असून कामाच्या वेळात दोन्ही मिटणारे सहकारी त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

गॅरेजवाल्याने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, ह्याची वायर इग्निशनवरून घेतो. गाडीची चावी चालू, कॅमेरा चालू. चावी बंद, कॅमेरा बंद. काही झंझट नाही."

"आणि माझा इंडिकेटर तोडणारा काय माझी चावी चालू असताना येतो?"

"नाही, पण साहेब, थेट बॅटरीवरून घेतलं तर हा चोवीस तास पीत बसणार. बॅटरी बसेल."

"नवी बॅटरी आहे."

"नवी पण बसते साहेब. नवीला फक्त वाईट जास्त वाटतं."

दप्तरदारांनी वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि थेट बॅटरीवरूनच जोडायला लावलं. गॅरेजवाल्याने खांदे उडवले. त्याच्या धंद्यात हे उत्तर पुष्कळदा पुरतं.

आता इथे दप्तरदारांच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत खरं काही पणाला लागलं असेल तर ते बाईंचं. त्या एका सहकारी बँकेच्या शाखेत हेड कॅशियर होत्या. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोन्ही एकदम लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही, तिजोरी उघडल्याशिवाय काउंटर उघडत नाही, आणि काउंटर उघडलं नाही की रांगेतल्या लोकांची तोंडं उघडतात. बाईंनी पावणेनऊला दारात हजर असायचं असा नियम होता, आणि गेली अठरा वर्षं दप्तरदार त्यांना मोटरसायकलवरून नेऊन अगदी दारासमोर उतरवत. शटर वर जाऊन बायको आत गेलेली दिसेपर्यंत ते हलत नसत. कारण विचारलं तर म्हणत, "पोच घेतल्याशिवाय माल सोडायचा नसतो." लग्नानंतर त्यांनी उच्चारलेलं सगळ्यात प्रेमळ वाक्य ते हेच.

बाईंची अधिकारीपदाची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. अकरा वर्षं वाट पाहून यादीत नाव लागलं होतं. बँकेचा नियम असा की वर्षात उशिराचे तीन मेमो झाले की नाव यादीतून खाली. अठरा वर्षांत बाईंना एकही मेमो मिळालेला नव्हता.

कॅमेरा बसल्यानंतरच्या दुसऱ्या सकाळी दप्तरदारांनी बटण दाबलं आणि मोटरसायकल म्हणाली, "टिक्."

पुन्हा दाबलं. "टिक्."

गाडी नव्या घडणीची असल्याने तिला किक नव्हती. कंपनीने ती काढून टाकली होती, कारण आधुनिक माणसाला पायांचा उपयोग उरलेला नाही असं कंपनीचं मत होतं. बाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. पर्समध्ये किल्ली होती.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. गाडी गरम व्हायची आहे."

"थंडी कुठेय?"

तोवर इमारत जमली. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, गाडी आडवी करून पुन्हा उभी करा, त्यांच्या स्टोव्हचं असंच होत असे. इस्त्रीवाल्याने हँडल उजवीकडे वळवून बटण दाबून पाहिलं, मग डावीकडे वळवून. एकाने पेट्रोल आहे का विचारलं, आणि आहे म्हटल्यावर मग तेच खराब असणार असा निकाल दिला. शेवटी सगळ्यांनी मिळून धक्का द्यायचं ठरलं. फाटकापर्यंत पाच माणसांनी ढकललं, पुढे बसलेल्या दप्तरदारांनी क्लच सोडला, गाडीने जागच्या जागी एक उचकी दिली आणि ढकलणारे पाचही जण दप्तरदारांच्या पाठीवर येऊन थांबले. सेक्रेटरी बाल्कनीतून चहा पीत पाहत होते. त्यांनी काही सल्ला दिला नाही. तेच दप्तरदारांना सगळ्यात जास्त लागलं.

बाई रिक्षाने गेल्या. चौदा मिनिटं उशीर. पहिला मेमो.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे टेलिफोनकाका मल्टिमीटर घेऊन खाली उतरले. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर कुणी नातवंडांत रमतो, कुणी बागेत; काका लोकांच्या घरातला विजेचा दाब मोजण्यात रमले होते. त्यांनी बॅटरीला दोन सुया लावल्या आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं बघितलं.

"दप्तरदार, किती तास झाले?"

"सकाळपासून अशीच आहे."

"हं. बघा, मोटारीची बॅटरी म्हणजे हंडा. मोटरसायकलची म्हणजे तांब्या. हा तुमचा कॅमेरा त्यातून रात्रंदिवस घोट घोट पितोय. घोट लहान आहे हो, पण तांब्या तांब्याच आहे ना. गाडी चालते तेव्हा तांब्या भरतो. तुमची गाडी दिवसातून चालते किती? बँकेपर्यंत, मग कचेरीपर्यंत, मग घरी. एवढ्यात काय भरणार?"

"मग उपाय?"

"मध्ये एक डबी बसवायची. बॅटरीचा दाब ठरलेल्या आकड्याखाली आला की डबी कॅमेऱ्याचं पाणी तोडते. बॅटरीत गाडी सुरू करण्यापुरता जीव राहतो."

दप्तरदारांना हे पटलं. कामचुकारपणा ठरलेल्या मर्यादेत ठेवणारी व्यवस्था त्यांना कचेरीतून ठाऊक होती. डबी आली. डबीवर एक सरकणारी कळ होती आणि तिला चार घरं: बारा पूर्णांक चार, बारा, अकरा पूर्णांक सहा, आणि शेवटचं "संरक्षण बंद". यातलं कोणतं घर घ्यायचं हे काकांना विचारायला हवं होतं, पण काका त्या दिवशी गुडघ्याच्या व्यायामाला गेले होते, आणि गॅरेजवाल्याला विचारणं दप्तरदारांच्या प्रतिष्ठेला परवडणारं नव्हतं. त्यांनी एकोणतीस वर्षांच्या नोकरीचं सार वापरलं. वरचं टोक घेतलं तर जबाबदारी येते, खालचं घेतलं तर ठपका येतो. त्यांनी मधलं घेतलं. बारा.

डबीने आपलं काम चोख केलं. दाब बारावर आला तेव्हा तिने कॅमेरा तोडला. फक्त गाडीला सुरू व्हायला बारापेक्षा थोडा जास्त दाब लागत होता, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"टिक्."

दुसरा मेमो.

त्या संध्याकाळी बाईंनी मेमोचा कागद टेबलावर ठेवला, वर मिठाची बाटली ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, मला एवढंच सांगा. तो इंडिकेटर मोठा की माझी मुलाखत?"

"प्रश्न इंडिकेटरचा नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्व बँकेत सोडायला येणार आहे का मला, पावणेनऊला?"

दप्तरदारांनी कळ बारा पूर्णांक चारवर सरकवली. काकांनी चार सकाळी ओळीने येऊन सुया लावल्या. गाडी चारही दिवस पहिल्या दाबात सुरू झाली. कॅमेरा सहा-सात तास जागायचा आणि मग शहाण्यासारखा झोपायचा. प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती. शहाण्या माणसाचं इथे संपलं असतं.

पण कॅमेऱ्याची एक सवय दप्तरदारांच्या लक्षात आली. कार्ड भरत आलं की तो जुन्या फिती पुसून त्यावर नव्या लिहायचा. हे वाचून त्यांच्या अंगावर काटा आला. सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय अभिलेख नष्ट! त्यांच्या तळघरात उंदराने कुरतडलेल्या कागदालाही पंचनाम्याशिवाय फेकत नसत. कॅमेऱ्यावर एक बटण होतं. ते दाबलं की समोरची फीत कायमची जपली जायची. हे बटण अपघातापुरतं असतं. दप्तरदार रोज संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन गाडीपाशी बसत आणि एकेक फीत जपत. भिंत दिसणारी, मांजर दिसणारी, अंधार दिसणारी, सगळ्या. कार्ड भरलं की ते काढून पाकिटात, पाकिटावर क्रमांक, आणि पाकिटं लाल फडक्यात गाठ मारून. नखाएवढी तीन कार्डं आणि त्यांना उशीच्या अभ्र्याएवढं फडकं.

पाचव्या दिवशी सावज अडकलं. शनिवार होता, कचेरीला सुट्टी होती, आणि बायकोला बँकेत सोडून दप्तरदारांनी गाडी घरी आणून लावली होती. दुपारी सव्वातीनला, स्वच्छ उजेडात, पांढरी मोटार मागे येते, येते, आणि कच्! मग सेक्रेटरी खाली उतरतात, इंडिकेटरचा तुकडा बुटाने गाडीखाली सारतात आणि शीळ घालत निघून जातात. शीळसुद्धा टिपली गेली होती. बेसूर होती.

रविवारी सोसायटीची बैठक झाली. दप्तरदारांनी इस्त्रीचा सदरा घातला. त्यांनी वीस मिनिटं प्रस्तावना केली आणि मग टेलिफोनकाकांच्या टीव्हीवर फीत लावली. कच् झालं, बुटाने सारलं, शीळ वाजली. सभेत कुजबुज झाली. दप्तरदार हात मागे बांधून उभे राहिले.

सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ही तारीख काय आहे हो?"

तिथे लिहिलं होतं: एक जानेवारी. आणि साल आठ वर्षांपूर्वीचं.

"ही गाडी मी घेऊन चार वर्षं झाली," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "या तारखेला तिचा पत्राही कारखान्यात आला नसेल. आणि ही इमारत तरी होती का बांधलेली?"

इमारत नव्हती. सहाच वर्षं झाली होती. म्हणजे न बांधलेल्या इमारतीत, न बनलेल्या मोटारीने, न घेतलेल्या मोटरसायकलला धडक दिल्याचा पुरावा दप्तरदारांनी सादर केला होता.

"बिनचूक तारखेशिवाय कागद ग्राह्य धरू नये असं तुम्हीच सांगता ना?" सेक्रेटरींनी विचारलं. सभेने इंडिकेटरचा विषय दप्तरी दाखल केला आणि दप्तरदारांनी दिलगिरी व्यक्त करावी असा ठराव केला. ठरावावर तारीख होती.

काकांनी नंतर कॅमेरा उघडून निदान केलं. "त्याच्या पोटात घड्याळापुरता एक सेल असतो. तुम्ही त्या पहिल्या वेळी गाडीची बॅटरी पार रिकामी केलीत, तेव्हा हाही मेला. आता डबीने पाणी तोडलं की ह्याची स्मृती जाते. दर सकाळी उठतो आणि एक जानेवारी समजतो."

"मग?"

"मग रोज सकाळी तारीख-वेळ हाताने लावायची. दोन मिनिटांचं काम."

दप्तरदारांनी ते व्रतासारखं धरलं. रोज आठ वाजून वीस मिनिटांनी, बाई चप्पल घालत असताना, ते गाडी सुरू करून पडद्यावर आकडे फिरवत. एक जानेवारीपासून चालू दिवसापर्यंत यायला बटण पुष्कळ वेळा दाबावं लागे, आणि घाईत एक दाब जास्त पडला की पुन्हा बारा महिने फिरून यावं लागे. बाई शेजारी उभ्या राहून पर्सची चेन उघडत आणि मिटत. करर्. करर्.

मग तो गुरुवार आला. त्या दिवशी नळाला पाणी उशिरा आलं, बाईंच्या साडीची पिन हरवली, आणि खाली यायला आठ वाजून एकतीस झाले. दप्तरदारांचा अंगठा बटणापाशी गेला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, एक जानेवारी. बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे तिसरा मेमो दिसत होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक दस्तऐवज बिनतारखेचा सोडला आणि गाडी काढली.

आठ बेचाळीसला बाई दारात होत्या. वॉचमनने शटर वर केलं. मॅनेजर नव्हते, आणि त्यांच्याशिवाय आत जायचं नाही असा बँकेचा नियम, म्हणून बाई पायरीवरच थांबल्या. पावणेनऊ झाले, नऊ झाले. रांग पायऱ्यांवरून फुटपाथवर आली. मॅनेजर नऊ वाजून सहा मिनिटांनी धापा टाकत उगवले. पोच मिळाली, आणि दप्तरदार कचेरीत गेले.

शनिवारी बाई घरी आल्या त्या थेट खुर्चीत बसल्या.

"रांगेतल्या कुणीतरी मुख्य कार्यालयात तक्रार केली. शाखा उशिरा उघडली म्हणून. मॅनेजरांनी लिहून दिलं की हेड कॅशियर उशिरा आल्या. आधीचे दोन मेमो आहेतच, त्यामुळे कुणाला खोटं वाटणार?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "सोमवारी मुख्य कार्यालयाच्या एक अधिकारी बाई चौकशीला येणार आहेत. अहो, त्या दिवशीचं काही… तुमच्या त्या कॅमेऱ्यात…"

अठरा वर्षांत बायकोने त्यांच्याकडे पुरावा मागण्याची ही पहिलीच वेळ. आणि पुराव्यावर तारीख एक जानेवारी.

सोमवारी साडेदहाला दप्तरदारांनी मोटरसायकल बँकेच्या दारासमोर, नेहमीच्या जागी, उभी केली. चौकशी अधिकारी म्हणजे करड्या केसांच्या, जाड काचांच्या चष्म्याच्या एक बाई. त्यांच्याकडे बघून वाटे, यांनी शेवटचं हसू बढतीच्या वेळी खर्च केलं असावं.

"कार्ड द्या, आत कॉम्प्युटरवर बघू," त्या म्हणाल्या.

"बाहेरची वस्तू बँकेच्या कॉम्प्युटरला लावता येत नाही मॅडम," मॅनेजर तत्परतेने म्हणाले. "सगळी तोंडं सील केलेली आहेत. सुरक्षेसाठी."

"मग मोबाइलवर त्याची प्रत काढून…"

"प्रत?" दप्तरदार इतक्या जोरात म्हणाले की रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. "मॅडम, प्रत म्हणजे प्रत. उद्या कुणीही म्हणेल फेरफार केलाय. मूळ दस्तऐवज मूळ ठिकाणीच पाहावा असा आमच्याकडे दंडक आहे."

अशा रीतीने सहकारी बँकेची अधिकृत चौकशी फुटपाथवर भरली. अधिकारी बाई, मॅनेजर, हेड कॅशियर आणि वॉचमन काडेपेटीएवढ्या पडद्याभोवती डोकी जोडून उभे राहिले. मागे रांगेतले ग्राहक टाचा उंचावत होते. बॅटरी उतरू नये म्हणून दप्तरदारांनी इंजिन चालू ठेवलं. डबीकडूनही ते आता काही शिकले होते.

"इंजिन बंद करा. काही ऐकू येत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. "आणि धूर सगळा माझ्या साडीवर येतोय."

इंजिन बंद झालं.

आता गुरुवारची फीत शोधायची. त्या कार्डावर दोनशे चौऱ्याऐंशी फिती होत्या. त्यातल्या बिनतारखेच्या सगळ्या जुन्या फितींत मिसळून एक जानेवारीखाली बसल्या होत्या, आणि सगळ्या जपलेल्या. दप्तरदार एकेक उघडू लागले. भिंत. मांजर. तेच मांजर. अंधार. मग एका फितीत रस्ता आला आणि दप्तरदारांचाच आवाज आला, "…ही मुख्य कार्यालयातली माणसं म्हणजे अगं, खुर्चीला भार आणि…"

दप्तरदारांनी फीत घाईघाईने पुढे ढकलली.

"थांबा," अधिकारी बाई म्हणाल्या. "आणि काय?"

"आणि… आधार, मॅडम. खुर्चीला आधार."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. वीस मिनिटं गेली, तीस गेली. रांगेतले दोघे-तिघे आता आपणहून मदत करत होते. "हे नाही, पुढचं बघा काका" असं सुचवत होते. आणि शेवटी बँकेचं दार दिसलं, पायरीवर हेड कॅशियर दिसल्या, आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला.

बारा पूर्णांक चार. डबीने कर्तव्य बजावलं होतं.

"झालं?" मॅनेजर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. "मॅडम, मला वाटतं हे असं फुटपाथवर…"

"एक मिनिट," दप्तरदार म्हणाले.

त्यांनी सीट उचललं. डबीची कळ समोर होती. त्यांना टेलिफोनकाकांचा तांब्या आठवला. त्यात आता नेमका एकदा गाडी सुरू करण्यापुरता घोट शिल्लक होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या पर्सची चेन उघडत नव्हत्या की मिटत नव्हत्या. नुसत्या धरून उभ्या होत्या. दप्तरदारांनी कळ सरकवली. संरक्षण बंद.

पडदा पुन्हा लागला. वॉचमन शटर वर करतो. मग तो आतून लाकडी पाटी आणून पायरीवर ठेवतो: आजची तारीख. ग्राहकांना स्लिपा भरायला सोयीची म्हणून बँकेत असते तशी. कालचा आकडा काढून तो आजचा अडकवतो. गुरुवारची तारीख. अधिकारी बाई पुढे वाकल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक जानेवारी, आणि मधोमध, हातभर मोठ्या आकड्यांत, बँकेची स्वतःची तारीख.

"ही पाटी मीच ठेवतो मॅडम," वॉचमन पुढे होऊन म्हणाला. "शटर वर गेलं की लगेच. पावणेनऊच्या आत."

"आणि बाई त्याआधीच उभ्या आहेत," अधिकारी बाई पुटपुटल्या.

पुढे बराच वेळ काहीच घडत नव्हतं, पण अधिकारी बाईंनी पुढे ढकलू दिलं नाही. त्यांनी घड्याळ लावून पूर्ण चोवीस मिनिटं पाहिलं. हा माणसांचा प्रकार दप्तरदारांना फार आवडतो. दरम्यान फितीतले दप्तरदार स्वतःशी बोलत होते, "हा मॅनेजर बँक चालवतोय की सर्कस?" मॅनेजर पडद्याऐवजी रस्त्याकडे पाहू लागले. मग फितीत तेच मॅनेजर धावत आले आणि त्यांचा आवाज स्वच्छ उमटला, "सॉरी हां बाई, तुम्हाला उगाच ताटकळत ठेवलं. रेल्वेचं फाटक लागलं आणि अडकलो. नऊ वाजून गेले की हो!"

पडदा हळूहळू पिवळा पडला, मग करडा, मग विझला. कुणीच हात लावला नव्हता. बॅटरीत आता हॉर्न वाजवण्याइतकाही प्राण उरलेला नव्हता, आणि त्या फुटपाथवर हे फक्त दप्तरदारांना ठाऊक होतं.

अधिकारी बाईंनी फाइल मिटली.

"हेड कॅशियरांवर तिसरा मेमो निघणार नाही. मुलाखतीच्या यादीतलं नाव तसंच राहील," त्या म्हणाल्या. "मॅनेजरसाहेब, तुम्ही जरा आत चला. आपण बोलू."

रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी चार जणांनी. बाईंनी पुढे होऊन नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीवरचं बॅटरीचं ग्रीस रुमालाने पुसलं, चारचौघांत. दप्तरदारांचा ऊर भरून आला. पुराव्याचा विजय झाला होता.

तोच अधिकारी बाई पायरीवरून पुन्हा मागे वळल्या. "अहो साहेब, एक विनंती होती."

दप्तरदार ताठ उभे राहिले. मुख्य कार्यालयात पुरावा-जतन या विषयावर व्याख्यान असणार. वीस मिनिटांची प्रस्तावना तर त्यांच्या जिभेवर तयारच होती.

"बोला ना मॅडम, संकोच करू नका."

"गाडी तेवढी स्टार्ट करून दारातून बाजूला घेता का? लोकांना आत जाता येत नाहीये."